पोट बिघडलेल्या कुत्र्याला घरचा खाऊ कोणता द्यावा?

प्रश्न : आम्ही नागपूरला मानेवाडा भागात राहतो. आमचा लॅब्राडोर ‘ब्रुनो’ सहा वर्षांचा असून त्याचे वजन २८ किलो आहे. मागच्या रविवारी घरी पाहुणे होते आणि सावजी मटणाचा बेत होता. आमची नजर चुकवून कोणीतरी त्याला रश्श्यात भिजवलेली पोळी आणि ताटात उरलेले मटण खाऊ घातले. त्याच रात्री जुलाब सुरू झाले आणि सोमवारी सकाळी दोनदा उलटी झाली. पशुवैद्यकांनी तपासून इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या आणि काही दिवस फक्त मऊ भात व उकडलेले चिकन द्यावे असे सांगितले. उलटी थांबली आहे, तो पाणी पितो, शेपूट हलवतो. पण शौच अजून पूर्ण बांधून होत नाही. त्याला दिवसातून चार-पाच वेळा बिस्किटाची सवय आहे. डबा वाजला की तो समोर येऊन बसतो आणि काही मिळाले नाही तर केविलवाणा होऊन बघत राहतो. माझी आठ वर्षांची मुलगी त्याच्यासाठी घरीच खाऊ करायचा म्हणते. सासूबाई म्हणतात की लहान मुलांना देतो तसे जायफळ उगाळून चाटवावे. खाऊ द्यावा का, आणि दिला तर कोणता?

उत्तर : सर्वांत आधी जायफळाविषयी सांगतो, कारण ते आजच थांबवायला हवे. तान्ह्या मुलाला जुलाब झाले की सहाणेवर जायफळाचे दोन वेढे द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि सासूबाईंनी ती प्रेमापोटीच सुचवली आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र जायफळ हे औषध नाही. त्यातील मिरिस्टिसिन या घटकामुळे कुत्र्याला अस्वस्थता येते, छातीचे ठोके वाढतात, तो भांबावल्यासारखा वागू लागतो आणि मात्रा जास्त झाल्यास झटकेही येऊ शकतात. चाटवलेल्या दोन वेढ्यांनी इतके होईलच असे नाही. पण आधीच आजारी असलेल्या जिवाला उपयोग नसलेली आणि धोका असलेली वस्तू देण्याचे काहीच कारण नाही. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा घास कुत्र्याला देणाऱ्या घरांनीही हे लक्षात ठेवावे, कारण पुरणात जायफळ असते आणि वरून तुपाची धारही असते.

आता खाऊकडे वळू. आपला ब्रुनो पाणी पितो आहे, उलटी थांबली आहे आणि डॉक्टरांनी त्याला तपासले आहे, म्हणून मी खाऊ देण्यास होकार देतो. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट नसती तरी नकार दिला असता. तेलकट, मसालेदार जेवणानंतर कुत्र्याला, विशेषतः लॅब्राडोरसारख्या खादाड आणि चटकन वजन वाढणाऱ्या जातीच्या कुत्र्याला, साध्या अपचनाऐवजी स्वादुपिंडाची सूज होण्याची भीती असते. सावजी रश्श्यावरची तर्री म्हणजे निव्वळ तेल आणि मसाला. अशा वेळी उलट्या पुन्हा सुरू होणे, पोटाला हात लावू न देणे, पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग उंच ठेवून बसणे, ही लक्षणे दिसली तर खाऊ, भात सगळे बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. शौचातून रक्त पडले किंवा ते डांबरासारखे काळे झाले, पोट फुगून टणक झाले, ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला (कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश असते, हे ठाऊक नसल्याने अनेक जण उगाच घाबरतात), तरीही थांबू नये. त्या रात्री त्याने हाडे खाल्ली का, हेही पाहुण्यांना न संकोचता विचारून घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या होतात आणि त्या आतड्यात अडकू शकतात किंवा आतड्याला इजा करू शकतात.

रश्श्यातील कांदा आणि लसूण ही आणखी एक काळजीची बाब आहे. या दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा हिरड्या पांढरट पडणे, लघवी गडद लाल-तपकिरी होणे, थोडे चालताच धाप लागणे असे तो प्रकट होतो. २८ किलोच्या कुत्र्याला एका पोळीभर रश्श्यातून इतका कांदा जाण्याची शक्यता कमी आहे, तरीही या आठवड्यात रोज सकाळी त्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग पाहत जावा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत तिचा रंग परत येतो. हिरडी चिकट लागत असेल, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे.

खाऊ करताना मनाशी एकच गोष्ट पक्की करावी : पोट बिघडलेले असताना खाऊ म्हणजे वेगळा पदार्थ नव्हे, डॉक्टरांनी सांगितलेले जेवणच हातात धरून देता येईल अशा आकारात केले की तोच त्याचा खाऊ. माणसाचा जीव कळवळला की तो काहीतरी नवे करून घालतो : थोडी नाचणी, थोडे ओट्स, चमचाभर मध, चिमूटभर हळद, बाळंतिणीला देतात म्हणून डिंकसुद्धा. दवाखान्यात असे कुत्रे आले की त्याच्या पोटात तीन दिवसांत बारा प्रकारचे पदार्थ गेलेले असतात आणि कशाने बरे वाटले, कशाने पुन्हा बिघडले, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ब्रुनोच्या खाऊत तांदूळ, चिकन आणि लाल भोपळा, ज्याला आपण विदर्भात कोहळं म्हणतो, या तीनच वस्तू असाव्यात. मीठ, तेल, तूप, साखर, गूळ, जिरे, हिंग यांतले काहीही नको. आपल्या जिभेला तो खाऊ बेचव लागेल, पण कुत्र्याला शिजलेल्या चिकनचा वासच पुरेसा होतो.

या तिघांना निवडण्यामागे कारण आहे. खूप मऊ शिजलेल्या तांदळाचे पिष्ट सहज पचते आणि त्यात चोथा फारच कमी असतो, त्यामुळे दुखावलेल्या आतड्यावर भार येत नाही. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात चरबी अगदी थोडी असते. मांडीच्या मांसात ती जास्त असते, म्हणून तिखट रश्श्यासाठी आपण आवर्जून निवडतो ते तुकडे इथे नकोत. कोहळ्यात विरघळणारा तंतू असतो, जो आतड्यातील जादा पाणी धरून ठेवतो आणि शौच बांधून येण्यास मदत करतो. कोहळं मात्र औषधासारखे मोजूनच द्यावे. ब्रुनोच्या आकाराच्या कुत्र्याला दिवसभरात दोन मोठे चमचे पुरेत, पाच-सहा किलोच्या लहान कुत्र्याला एक लहान चमचा. जास्त झाले तर त्याच तंतूमुळे जुलाब वाढतात. कोहळ्याची बोंडे हा आपला आवडता पदार्थ असला तरी गूळ घालून तळलेली बोंडे हे कुत्र्याचे कोहळं नव्हे, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवावे.

कृती अशी आहे. दीडशे ग्रॅम हाडेविरहित, कातडी काढलेले छातीचे चिकन साध्या पाण्यात पूर्ण शिजवून घ्यावे आणि ते पाणी फेकू नये. अर्धी वाटी तांदूळ चौपट पाण्यात कुकरला लावून गुरगुट्या भात करावा. कोहळ्याची साल आणि बिया काढून त्याच्या फोडी वाफवाव्यात आणि त्यांचा तीन मोठे चमचे लगदा घ्यावा. चिकन मिक्सरमधून बारीक फिरवून भात आणि लगद्यात मिसळावे, गोळा धरण्यापुरते दोन-तीन चमचे तांदळाचे पीठ घालावे आणि इडलीच्या किंवा ढोकळ्याच्या भांड्यात ओले फडके अंथरून त्यावर बोटभर जाडीचा थर पसरावा. पंधरा ते वीस मिनिटे वाफवून, पूर्ण गार झाल्यावर वड्या कापाव्यात. सुरळीच्या वडीचे पीठ असते तसे हे मिश्रण पातळ नसावे. हाताला चिकटेल पण पसरणार नाही इतके घट्ट असावे. अशा सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या चाळीसेक वड्या होतात आणि एका वडीत साधारण १३ कॅलरी येतात.

भाजलेल्या कुरकुरीत बिस्किटांपेक्षा मी वाफवलेली वडी सुचवतो, याचे कारण जुलाबात शरीरातून पाणी गेलेले असते आणि ओलसर खाऊबरोबर थोडे पाणीही पोटात जाते. शिवाय त्यासाठी ओव्हन लागत नाही. कोहळं कुस्करणे, गोळा मळणे आणि गार वड्या कापणे ही कामे मुलीला जरूर करू द्यावीत. तिने केलेला खाऊ ब्रुनोने तिच्या हातून घेतला तर दोघांनाही बरे वाटेल. मात्र कच्च्या चिकनला तिने हात लावू नये. जुलाब झालेल्या कुत्र्याच्या शौचातून आणि तोंडातून साल्मोनेलासारखे जंतू माणसाकडे येऊ शकतात, म्हणून खाऊ दिल्यावर तिने साबणाने हात धुवावेत आणि बरे होईपर्यंत त्याला तोंड चाटू देऊ नये.

किती द्यायचे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण बहुतेक घरी चूक इथेच होते. २८ किलोच्या कुत्र्याला आजारपणात, हालचाल कमी असताना, दिवसाला सुमारे ८५० कॅलरी लागतात; खाऊ त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा, म्हणजे दिवसभरात सहा वड्या. बिस्किटाच्या प्रत्येक नेहमीच्या वेळी एक वडी दिली तरी सहात भागते. वडी लहान वाटली तर तिचे दोन तुकडे करावेत, कारण कुत्र्याला आपण किती ग्रॅम दिले हे कळत नाही, किती वेळा दिले हे कळते. दोन मोठी जेवणे देण्याऐवजी तेवढेच अन्न चार-पाच लहान भागांत विभागावे. पूर्वी जुलाब झाले की प्रौढ कुत्र्याला चोवीस तास उपाशी ठेवण्याचा सल्ला सरसकट दिला जाई. आता तसे सांगितले जात नाही, कारण आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले बरेचसे पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातून घेतात आणि त्यांना उपाशी ठेवले तर त्यांची दुरुस्ती लांबते. उलट्या चालू असताना काही तासांची विश्रांती देणे वेगळे, आणि तीही डॉक्टर सांगतील तेवढीच.

चिकन शिजवलेल्या पाण्याचाही उपयोग करावा. ते फ्रीजमध्ये गार केले की वर चरबीची साय धरते. ती पूर्ण काढून टाकावी आणि उरलेले पाणी बर्फाच्या साच्यात गोठवावे. दुपारच्या उन्हात, कूलरसमोर पडून राहिलेल्या कुत्र्याला असा एखादा खडा वाडग्यात दिला की तो चाटत-चाटत पाणी पितो आणि एकदम घटाघटा पिऊन उलटी होण्याची शक्यता कमी होते. बाजारात मिळणाऱ्या सूपच्या वड्या किंवा पावडरी यासाठी वापरू नयेत, कारण त्यांत मीठ आणि कांदा-लसणाची भुकटी असते. आणि कूलरचाच विषय निघाला म्हणून सांगतो : उन्हाळ्यात अनेक कुत्री कूलरच्या टाकीतले किंवा त्याच्याखाली साचलेले पाणी पितात. आठवडाभर साठलेल्या त्या पाण्याने पोट बिघडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. कुत्र्याचे पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा घासून भरावे.

वड्या फ्रीजमध्ये झाकून ठेवाव्यात आणि तीन दिवसांत संपवाव्यात. बाकीच्या गोठवून ठेवल्यास महिनाभर चालतात. देण्याआधी त्या कोमट करून द्याव्यात. नागपूरच्या हवेत शिजवलेला भात ओट्यावर तासन्‌तास ठेवणे धोक्याचे आहे. तांदळातील बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत, उबदार भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळचा भात संध्याकाळी ‘कुत्र्याला चालतो’ म्हणून घालण्याची आपली सवय आजारी कुत्र्याच्या बाबतीत तरी सोडावी.

गोळी वडीत लपवून देता येते आणि ब्रुनो ती आनंदाने खाईल, पण पोटातील आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्या रिकाम्या पोटीच द्यायच्या असतात, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. घरातील माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या मात्र कोणत्याही वडीत लपवू नयेत. लोपेरामाइड हे औषध कॉली आणि तिच्यासारख्या काही जातींच्या कुत्र्यांमध्ये मेंदूपर्यंत पोहोचून गंभीर परिणाम करते. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन यांनीही कुत्र्यांना विषबाधा होते.

शौच सलग दोन दिवस नीट बांधून झाले की पुढचे चार-पाच दिवस नेहमीचे अन्न थोडे-थोडे वाढवत आणि भात-चिकन कमी करत जावे. भात-चिकन हे पूर्ण अन्न नाही, त्यात कॅल्शियम आणि इतर अनेक घटक कमी पडतात, त्यामुळे ‘आवडते म्हणून’ ते महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. नेहमीचे बिस्किट सर्वांत शेवटी, आणि तेही अर्ध्यापासून सुरू करावे.

प्रश्न : आमचे घर शाकाहारी आहे आणि स्वयंपाकघरात चिकन शिजवणे शक्य नाही. आमच्या नऊ किलोच्या पगला पोट बिघडल्यावर आम्ही दूध-पोळी किंवा दही-भात देतो. त्याच्यासाठी खाऊ कसा करावा?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दूध-पोळी बंद करावी. बहुतेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील लॅक्टोज नीट पचवता येत नाही आणि आतड्याला सूज असताना तर ते जुलाब वाढवते. पोळीचाही या दिवसांत उपयोग नाही. दह्यात लॅक्टोज कमी असते, म्हणून ताजे, आंबट न झालेले, साखर-मीठ नसलेले दही चमचाभर दिलेले अनेक कुत्र्यांना सोसते. पण पहिल्यांदाच देत असाल तर आजारपणात सुरुवात करू नये.

चिकनच्या जागी घरी केलेले पनीर वापरावे. गायीचे दूध तापवून गार करावे, वरची साय दोनदा काढावी, मग ते पुन्हा तापवून लिंबाने फाडून फडक्यात बांधावे आणि पनीर दोन-तीन वेळा पाण्याने धुवावे. बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर निघून जाते आणि लिंबाचा आंबटपणाही धुतला जातो. बाजारच्या पनीरमध्ये चरबी बरीच असते, म्हणून ते नको. वर दिलेल्या कृतीत चिकनऐवजी शंभर ग्रॅम असे पनीर घ्यावे. नऊ किलोच्या कुत्र्यासाठी बोराएवढ्या वड्या कराव्यात आणि दिवसाला सात-आठपेक्षा जास्त देऊ नयेत. मुगाच्या डाळीचे वरण अगदी पातळ करून, फोडणीशिवाय, भातात मिसळलेले चालते. हरभऱ्याची डाळ आणि बेसन मात्र वायू धरतात, ते टाळावेत.

फळांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी संत्र्याच्या गावात ते सांगणे भाग आहे. संत्र्याचा गर कुत्र्याला विषारी नाही, पण बिघडलेल्या पोटात त्याचे आम्ल आणि साखर नकोच, आणि सालीतील तेल तर बऱ्या कुत्र्यालाही बाधते. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कोणत्याही स्थितीत देऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिऱ्यातला एखादा बेदाणा वेचून देण्याची सवय घरात असेल तर तीही सोडावी. ‘शुगर-फ्री’ लिहिलेला कोणताही पदार्थ देण्याआधी त्यात झायलिटॉल नाही याची खात्री करावी, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम उतरते.

प्रश्न : आमच्या गल्लीतील कुत्रीला पाच पिल्ले झाली आहेत. ती आता दोन महिन्यांची असतील. त्यांतल्या दोघांना कालपासून वास मारणारे जुलाब होत आहेत, त्यांत थोडे रक्तही दिसते. ती काही खात नाहीत. त्यांना कोहळं-भात कालवून देऊ का?
— एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर : नाही. हे वाचण्याआधीच कोणीतरी त्यांना दवाखान्यात नेले असेल अशी मला आशा आहे, आणि बाकीच्या वाचकांना असे पिल्लू दिसले तर त्यांनी त्याच तासाला न्यावे. या वयाच्या, लस न झालेल्या पिल्लाला रक्तमिश्रित, दुर्गंधीयुक्त जुलाब आणि अन्नावरची वासना उडणे ही पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लक्षणे असू शकतात. त्यात आतड्याचे अस्तरच झडते, त्यामुळे तोंडाने घातलेले अन्न-पाणी शोषले जात नाही. सलाइन आणि दवाखान्यातील देखरेख यांवरच पिल्लाचा जीव अवलंबून असतो. लहान पिल्लाला उपाशी ठेवणेही धोक्याचे, कारण त्याच्या रक्तातील साखर काही तासांत घसरते. जंतांमुळेही असे जुलाब होतात, पण ते ठरवणे तपासणीशिवाय शक्य नाही.

सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुरुग्णालय आहे. जाताना पिल्लांचे ताजे शौच स्वच्छ डबीत घेऊन जावे आणि पिल्लांना एका खोक्यात, खाली जुने कापड घालून, उबेत न्यावे. तिथे पोहोचल्यावर त्यांना इतर कुत्र्यांजवळ जमिनीवर सोडू नये आणि डॉक्टरांना पार्व्होची शंका असल्याचे दारातच सांगावे. उरलेल्या तीन पिल्लांना वेगळे ठेवून त्यांनाही दाखवावे. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि फिनाईलने त्याचा भरवसा देता येत नाही. एक भाग घरगुती ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून ती जागा, खोके आणि आपल्या चपलांचे तळवे आधी घाण काढून मग भिजवावेत आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावेत. आपल्या घरी कुत्रा असेल आणि त्याची लस राहिली असेल, तर कपडे बदलून, हात धुऊन मगच त्याच्याजवळ जावे.